जांबचा पढतमूर्ख
जांब समर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 साली जन्मलेला ठोसरांचा नारायण बोहल्यावर ‘सावधान’ ऐकताच पळाला, ही आख्यायिका आम्ही पाहुण्यांना न विचारता सांगतो. 2025 मध्ये मी एका भामट्याला रोज फोन लावत होतो आणि तो उचलायच्या आधी दरवेळी कॉलर ट्यूनमधून अमिताभ बच्चन मला सायबर ठगांपासून सावध करत होते. ‘हे कधी गप्प बसतील’ म्हणून मी चरफडायचो.

मूळ दुखणं जुनं. संभाजीनगरच्या हॉटेलात ‘जोडीने या, जेवा, भेटवस्तू न्या’ असं बोलावणं आलं. जेवण फुकट होतं. हात धुवून उठलो तो पंचवीस वर्षांचं सदस्यत्व घेऊनच: महाबळेश्वरला वर्षाकाठी सात रात्री. या टाइमशेअरच्या धंद्यात हंगामांना रंग असतात. माझ्या वाट्याला आलेला रंग पावसाळ्याचा निघाला. खोली रिकामी तेव्हा आमच्याकडे कपाशीची लागवड. देखभाल खर्च मात्र बारमाही.

त्यामुळे “सर, तुमच्या सदस्यत्वाला पुण्यात गिऱ्हाईक आहे, दुप्पट देतंय” असं त्या भामट्याने म्हटल्यावर मी विरघळलो. त्याला माझा सदस्य क्रमांक ठाऊक होता, हंगामाचा रंगसुद्धा. आधी नोंदणी शुल्क, मग 18 टक्के जीएसटी, मग ना-हरकत प्रमाणपत्र, मग टीडीएस. सगळं ‘रिफंडेबल’. आता थांबलो तर आधीचे बुडतील, या भीतीने मी पुढचे भरत गेलो. शेवटी रिझर्व्ह बँकेचं पत्र आलं: तुमची रक्कम आमच्याकडे जमा आहे. ही बँक तुमच्याआमच्यासारख्यांची खाती ठेवत नाही, हे मी नोकरीभर वर्गात शिकवलं. पत्रात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्या लाल शाईने दुरुस्त केल्या आणि पैसे भरले.

बचत गटाचं दप्तर सांभाळणारी बायको म्हणाली, “अहो, टीडीएस पैसे देणारा कापून घेतो ना? मग तुम्ही कशाला भरताय?”

“तुला यातलं कळत नाही,” मी म्हणालो.

नंतर तो नंबर बंद झाला. अशा वेळी 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तर पैसे पुढच्या खात्यातच अडवता येण्याची शक्यता असते. गावात बोभाटा नको म्हणून मी वाट पाहिली. दरम्यान दुसऱ्याच साहेबांचा फोन आला: बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त फाईल चार्ज लागेल. किती, असं मी विचारलंसुद्धा. बायकोने फोन हातातून काढून घेतला.

दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खांचा. पहिला मी पोरांकडून पाठ करून घ्यायचो. दहाव्याकडे वळायला निवृत्तीनंतर वेळ मिळाला.

सदस्यत्व अजून माझ्याच नावावर आहे आणि बरीच वर्षं शिल्लक आहेत. ऐन पावसात महाबळेश्वरला जायची कुणाची तयारी असेल तर कळवा. आगाऊ काही भरू नका.