टर्बो आहे म्हणे!

कानावर आलंय ते सांगते, पण माझं नाव पुढे करू नका. आमच्या सोसायटीत परवापरवापर्यंत माणसं नव्या गाडीबद्दल एकच प्रश्न विचारायची, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ आता पार्किंगमध्ये उघडउघड टॉर्कची भाषा चालते. तीही लहान मुलांसमोर! पहिल्या मजल्यावरच्या काकांनी एकोणीस वर्षं मारुती ८०० चालवली, कधी काटा साठच्या वर जाऊ दिला नाही. त्या काकांनी टर्बो घेतली. लाल. वर काळं छप्पर. काकू आठवडाभर खाली उतरल्या नाहीत.

‘पॉवर किती?’ मी आपलं सहज विचारलं. काकांनी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला आणि मुलाचं पॅकेज सांगावं तसं म्हणाले, ‘एकशेवीस.’

आता हे १२० तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? माहितीपत्रकात असतात ते पीएस, म्हणजे जर्मन घोडे. जर्मन घोडा साधारण ७३५ वॉटचा, बीएचपीतला इंग्रजी घोडा ७४६ वॉटचा. इंग्रजी तबेल्यात मोजले तर १२० चे ११८ भरतात. दोन घोडे शोरूम ते घर एवढ्यात पसार, आणि कुणी साधी तक्रार केली नाही.

आठशेचे दिवस आठवतात ना? १९८३ साली आली ती ७९६ सीसी, तीन सिलिंडर आणि चाळिशीच्या आतले घोडे घेऊन. तिच्यात पाच माणसं, वर कॅरियरला ट्रंक, आणि निघाले महाबळेश्वरला. ओव्हरटेक हा तेव्हा कौटुंबिक निर्णय असायचा. एकाने एसी बंद करायचा, एकाने मागे बघायचं, आजीने रामरक्षा सुरू करायची. पण गाडीचं वजनच साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यामुळे बिचारी निमूटपणे उचलायची. तिला पिकअप नाही असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. आता तिपटीने घोडे असलेल्या गाडीत बसून लोक म्हणतात, ‘जरा दम कमी वाटतो.’

यात सरकारही सामील आहे बरं का. २००६ च्या अर्थसंकल्पात ठरलं की लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर कर कमी. झालं! ज्याने त्याने शेपटं कापायला घेतली. २०१२ साली डिझायरची डिकी कशी खुडून टाकली होती, आठवत असेल. सप्टेंबर २०२५ पासून तर बाराशेच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आणि मोठीला ४०. म्हणून बघा, इंजिनं कशी ११९७, ११९९ अशी अगदी उंबरठ्याला पाय लावून उभी असतात. इंजिन मोठं करायची सोय नाही, पण गिऱ्हाइकाला घोडे तर हवेत. मग काय, टर्बो! ह्युंदाईच्या व्हेन्यूने २०१९ मध्ये ९९८ सीसीतून १२० काढले. महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यातून येणारी एक्सयूव्ही ३एक्सओ तर बाराशेच्या इंजिनातून १३० च्या घरात घोडे आणि २३० न्यूटन मीटर टॉर्क काढते. एवढ्याशा पोटात हे सगळं मावतं कसं, हा प्रश्न विचारायचा नसतो.

त्यात २०२४ साली नव्या स्विफ्टने भलतंच केलं. चारांतलं एक सिलिंडर वेगळं काढलं, उरली तीन. पॉवर ९० वरून ८२ वर. आमच्या पार्किंगमध्ये सुतकी शांतता पसरली. ‘नवी गाडी आणि पॉवर कमी? जनाची नाही तर मनाची तरी!’ आता टॉर्क ११३ चा ११२ झाला, म्हणजे जिथे होता तिथेच राहिला, हे कुणी बघितलं नाही. आणि ते जुने ९० घोडे हजेरी लावायचे सहा हजार आरपीएमला. कर्वे रोडवर सहा हजार आरपीएम कुणाला बघायला मिळतो? पुढचा गियर टाकायला विसरलेल्यालाच. बाकी आपला सगळा संसार दीड ते अडीच हजारांत. तिथे इंजिन काय देतं आणि गियर कसे बसवलेत, यावर गाडी उचलते की रडते ते ठरतं. पण हे पार्किंगमध्ये सांगून बघा, लोक तुमच्याकडे कीव आल्यासारखं बघतात.

खरी भानगड पुढेच आहे. दिवेआगरहून येताना मी काकांच्या गाडीत मागे बसले होते. मांडीवर कोकम आगळाची बाटली, बूच जरा सैल. ताम्हिणीचा चढ, वळण आलं, काकांनी गाडी हळू केली पण गियर तिसराच. काटा जेमतेम तेराशेवर. काकांनी पाय दाबला. काही नाही. आणखी दाबला. काही नाही. मागे टेम्पोवाला हॉर्नवर बसलेला. शेजारून काकू म्हणाल्या, ‘अहो, खालचा गियर टाका की!’ काकांनी ऐकलं नाही, एकशेवीस घोड्यांचा मालक कशाला खालचा गियर टाकेल? आणि तेवढ्यात टर्बोला जाग आली. गाडीने असा हिसका मारला की आगळ माझ्या साडीवर.

‘जरा लॅग आहे,’ काका म्हणाले. जावई तापट आहे जरा, पण मनाने चांगला, या सुरात.

यात टर्बोचा काही दोष नाही हो. इंजिनाच्या धुरावर ते पंख्यासारखं फिरतं आणि सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबतं. रंगात आलं की मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. पण इंजिनच पेंगत असेल तर धूर कुठून येणार? फियाटच्या १.३ मल्टिजेट डिझेलला हेच व्यसन होतं. ते इंजिन तर काय सांगू! बनायचं रांजणगावला आणि मानेसरला, आणि स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांच्या बॉनेटखाली तेच. एक इंजिन आणि इतके संसार, वर लोक कौतुकाने त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे! घोडे ७५ च, पण स्विफ्टमध्ये टॉर्क १९० चा. दोन हजारांच्या खाली गाढ झोप, वर गेलं की धूम. ज्यांनी ते चालवलं ते वळणाआधीच दुसरा टाकून तयार असायचे. २०२० मध्ये बीएस-६ आलं, मारुतीने डिझेलच सोडलं, आणि ती सवयही गेली बहुतेक.

काका हल्ली दूध आणायला स्पोर्ट मोडमध्ये जातात. गेट ते डेअरी, मध्ये चार स्पीडब्रेकर. सी विंगमधला एक मुलगा ‘रीमॅप करून देतो, दीडशे निघतील’ म्हणून त्यांच्या कानाला लागलाय, असंही ऐकते.

आणि हे तर अजून कुणालाच माहीत नाही. काल सकाळी साडेसहाला मी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. लाल गाडी बेसमेंटच्या चढावरून वर आली. पहिल्यात, सावकाश, हिसका नाही की रेझ नाही. रस्त्यावर वळली, दुसरा पडल्याचं कळलंसुद्धा नाही. काका तेव्हा वर गॅलरीत चहा पीत उभे होते.

मंडईतून परतल्यावर काकूंनी माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि ओठांवर बोट.