मी तं आधीच सांगलो होतो!

निकाल लागायच्या आधी आमच्या टपरीवर कोणालाच काही ठाऊक नसतं. निकाल लागला की सगळ्यांना सगळं आधीपासून ठाऊक असतं. मधे जातो तो फार तर चहाचा एक घोट.

टपरी भंडाऱ्यात, खांब तलावाच्या अंगाला. संध्याकाळी सहाला आमचं पंचमंडळ जमतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, राईस मिलवाले शेठ, पीटीचे सर, मी कारकून, आणि पाचवा स्वतः टपरीवाला भाऊ. भाऊ चहा गाळता गाळता मत देतो, त्यामुळे त्याचं मत नेहमी गरम असतं आणि कधी कधी त्यात पत्तीही येते. विषय क्रिकेट. म्हणजे विदर्भाचं क्रिकेट. भारताच्या क्रिकेटवर बोलायला देशात एकशे चाळीस कोटी लोक आहेत, तिथे आमची गरज नाही.

सामना संपला की गुरुजी खर्ऱ्याची पन्नी उलगडत म्हणायचे, "मी तं आधीच सांगलो होतो." त्यावर शेठ म्हणायचे, "तुमी काहून, मी सांगलो होतो." पीटीचे सर हे वाक्य शिट्टी फुंकल्यासारखं दोघांच्या वर म्हणायचे. भाऊ याला इतका कावला, की एक दिवस त्याने उधारीची वही उलटी केली आणि मागच्या पानावर फर्मान काढलं. ज्याला जे सांगायचं ते सामन्याच्या आधी लिहायचं, खाली सही करायची, आणि चुकला त्याने सगळ्यांचा चहा पाजायचा. सही पूर्ण नावाची. शेठ चेकवर काढतात तसला फराटा चालणार नाही, कारण फराटा उद्या कोणाचाही म्हणता येतो.

पुढून पाहिलं तर कोणाचे किती चहा बाकी, आणि मागून पाहिलं तर कोणाची किती अक्कल बाकी, अशी ती वही आहे.

आता विदर्भाचं सांगायचं तर आमचा संघ रणजी करंडकात १९५७-५८ पासून आहे. पहिल्यांदा अंतिम सामना गाठला तो २०१७-१८ मध्ये. मधली साठ वर्षं आम्ही हरण्याचा रियाज केला. फॉलोऑन हा शब्द आम्ही पाचवीत इंग्रजी सुरू व्हायच्या आधी शिकलो. 'अमुक संघाचा एक डाव राखून विजय' ही पेपरातली ओळ दिसली की तो अमुक कोण एवढंच पाहायचं, कोणाविरुद्ध हे पाहायची गरज नसे. गुरुजी तर म्हणत, आपला संघ नवसाच्या बोकडासारखा आहे, हारतुरे घालून नेतात आणि पुढचं आपण विचारायचं नसतं.

अशा स्थितीत डिसेंबर २०१७ उजाडला. धान कापून, चुरून झालेलं. लोकांना बसायला वेळ. विदर्भ उपांत्य फेरीत, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, समोर कर्नाटक. सामना १७ तारखेला सुरू होणार. आदल्या संध्याकाळी वही फिरली. ते पान अजून आहे. गुरुजींनी लिहिलं, 'कर्नाटक.' शेठ, 'कर्नाटक, ४ दिवसात.' पीटीच्या सरांनी लिहिलं, 'कर्नाटक' आणि कंसात 'दुर्दैवाने'. भाऊ, 'कर्नाटक', त्यावर दुधाचा डाग. मी लिहिलं, 'विदर्भ हरणार.'

पहिल्या दिवशी आपण १८५ वर खलास. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आपला अंदाज बरोबर निघतोय याचं एक वेगळंच सुख असतं, आणि ते वाईट वाटण्याच्या डोक्यावर बसून राहतं. मग कर्नाटकच्या करुण नायरने १५३ ठोकले. त्या दोन दिवसांत त्या माणसाला या टपरीवर जे जे म्हटलं गेलं ते इथे लिहीत नाही. हे नाव मात्र लक्षात ठेवा. कर्नाटक ३०१. आपण दुसऱ्या डावात ३१३ केल्या. कर्नाटकला जिंकायला १९८ हव्या. चौथ्या दिवशी खेळ संपला तेव्हा त्यांचे ७ बाद १११. म्हणजे ८७ धावा, तीन गडी.

२१ तारखेला सकाळी मी कार्यालयात सही केली आणि 'बाहेर टपाल' असं सांगून टपरीवर आलो. बाकीचे आधीच होते. सगळ्यांचे मोबाइल मिळून एकाच्याच फोनला रेंज, ती शेठच्या. शेठ अंगठ्याने पडदा खाली ओढायचे, ते गोल गोल चक्र फिरायचं आणि आकडा यायचा. ऐंशीच्या पन्नास झाल्या, पन्नासच्या वीस. गुरुजी खर्रा घोटत होते. खर्रा घोटायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं, तीन मिनिटं. त्या दिवशी त्यांनी तो पाऊण तास घोटला. पन्नीतली सुपारी तंबाखूत विरघळून गेली, चुना दिसेनासा झाला, पन्नीला भोक पडलं आणि तळहात पिवळा झाला तरी अंगठा चालूच. शेठचं चक्र फिरत होतं आणि गुरुजींचा अंगठा फिरत होता, त्यातलं आधी काय थांबतं एवढाच प्रश्न उरला होता.

आधी चक्र थांबलं. कर्नाटक सर्वबाद १९२. आपण ५ धावांनी जिंकलो. रजनीश गुरबानी नावाच्या, नागपुरात इंजिनियरिंग शिकलेल्या पोराने ६८ धावांत ७ बळी घेतले होते, दोन्ही डावांत मिळून १२.

टपरीवर शांतता. स्टोव्हचा आवाज तेवढा. मग गुरुजींनी तो फाटका खर्रा तोंडात टाकला, आणि म्हणाले, "मी तं आधीच सांगलो होतो."

भाऊने काही न बोलता वही उलटी केली.

पाचही चुकले. पाचही चुकले तर चहा कोणी पाजायचा याची तरतूद फर्मानात नव्हती. "मंग चाचे पैसे कोन देते जी?" भाऊ विचारत होता, पण तोही चुकलेल्यांत असल्याने त्याच्या आवाजात मालकाचा जोर नव्हता. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की वही माझ्या हातात आहे आणि खिशात पेन आहे. 'विदर्भ हरणार' च्या पुढे मी गुपचूप 'नाही' लिहिलं. वीस वर्षं कारकुनी केली आहे, एवढं येतं. पण गुरुजींनी चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, पान उन्हात तिरपं धरलं आणि म्हणाले, "बापू, हरणार निळ्या शाईचं हाय अना नाही काळ्या शाईचं." सगळ्यांचा चहा मी पाजला. शिवाय आलूबोंडे.

इंदूरच्या अंतिम सामन्याच्या आधी वही फिरली तर कोणी लिहीना. दिल्ली लिहावं तर हात ताजा पोळलेला, विदर्भ लिहावं तर नजर लागायची भीती. ते पान कोरंच राहिलं. गुरबानीने तिथे लागोपाठ तीन चेंडूंवर तिघांच्या दांड्या उडवल्या. रणजीच्या अंतिम सामन्यात त्याआधी एकच हॅटट्रिक झाली होती, १९७२-७३ मध्ये, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. १ जानेवारी २०१८ ला आपण ९ गडी राखून करंडक घेतला. पुढच्या वर्षी पुन्हा घेतला. त्या वर्षी उपांत्य सामन्यात खापरखेड्याकडच्या उमेश यादवने केरळला १०६ आणि ९१ मध्ये गुंडाळलं आणि पाच दिवसांचा सामना दोन दिवसांत आटोपला. शेठ नाराज. सुपारी घोटून ठेवली होती त्यांनी.

पण खरी पंचाईत वेगळीच झाली. हरल्यावर काय बोलायचं हे आम्हाला पाठ होतं. निवड समिती, खेळपट्टी, मुंबईवाले, नशीब, असा क्रम ठरलेला, प्रत्येकाचे वाटे ठरलेले. जिंकल्यावर काय बोलायचं? पहिला आठवडा आम्ही नुसते एकमेकांकडे पाहून हसत होतो, नव्या जावयासारखे. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईने आपल्यापुढे ५३८ चं लक्ष्य ठेवलं, अक्षय वाडकरने शतक काढलं, हर्ष दुबेने ६५ केल्या, आणि तरी १६९ धावांनी हरलो, तेव्हा कुठे टपरीला कंठ फुटला. बऱ्याच दिवसांनी माहेरी आल्यासारखं वाटलं.

त्याच सुमारास गुरुजींचा भाचा अमेरिकेहून आला. तो बॉस्टनला असतो आणि बेसबॉल पाहतो. बेसबॉल आमच्यात फक्त पीटीच्या सरांना ठाऊक, तोही सर्टिफिकेटपुरता. भाच्याने आम्हाला धीर द्यायला म्हणून सांगितलं, की बॉस्टनचा रेड सॉक्स संघ १९१८ नंतर थेट २००४ मध्ये विजेता झाला. ८६ वर्षं. तेही कसं, तर त्याआधीच्या फेरीत न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्ध सातपैकी पहिले तीन सामने हरले आणि उरलेले चारही जिंकले. "तिथल्या लोकांनी काय म्हटलं?" मी विचारलं. भाचा म्हणाला, "काय म्हणणार? सगळे म्हणाले, आम्हाला माहीतच होतं." गुरुजींनी अभिमानाने आमच्याकडे पाहिलं.

मग त्याने शिकागोच्या कब्जची गोष्ट काढली, आणि तिथे बेसबॉल संपला. १९४५ मध्ये तिथला एक दारूच्या गुत्त्याचा मालक आपला बोकड घेऊन मोठा सामना पाहायला गेला. बोकडाला वास येतो म्हणून त्याला बाहेर काढलं, आणि मालकाने शाप दिला. कब्ज १९०८ नंतर जिंकले ते २०१६ मध्ये.

"बोकडाचं तिकीट होतं का?" भाऊने विचारलं.

"होतं म्हणतात."

"तिकीट असून उतरवला?" शेठ उठूनच उभे राहिले. "अरे, आमच्या यष्टीत तिकीट काढलं तं कोंबडीले कोनी उतरवत नाई!" बोकड किती किलोचा, कोणत्या जातीचा, पुढे त्याचं काय झालं, कापला का, यावर तासभर चर्चा झाली. कब्ज कसे जिंकले हे कोणी विचारलं नाही. १०८ वर्षं हरणं बरोबरच होतं असं पंचमंडळाचं एकमत झालं.

मग आलं २०२५. फेब्रुवारीत उपांत्य फेरीत आपण नागपुरात त्याच मुंबईला ८० धावांनी हरवलं. पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे असे तीन मोहरे उचलले. पण त्या आठवड्यात टपरीवर बोलणं चाललं होतं ते दुसऱ्या उपांत्य सामन्याचं. अहमदाबादला केरळने ४५७ केलेल्या. रणजीत बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे. गुजरातचे नऊ गेलेले, ४५५ झालेल्या, तीन हव्यात. नागवासवालाने बॅट फिरवली, चेंडू जवळ उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळला, उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात जाऊन बसला. बाद! दोन धावांची आघाडी. त्याच्या आधीच्या फेरीत याच निझारने शतक ठोकून केरळला एका धावेची आघाडी मिळवून दिली होती. म्हणजे आधी बॅटने आणि नंतर टाळक्याने. क्षेत्ररक्षकाने घातलेल्या हेल्मेटवरून उडालेला झेल २०१७ च्या आधी बादच धरत नसत, हे पीटीच्या सरांनी सांगितलं. "मंजे निझार आठ वर्षं आधी जलमला असता तं गुजरात फायनलले असती," भाऊ म्हणाला. हा हिशेब अजून कोणालाही कळलेला नाही, पण खोडताही आलेला नाही.

अंतिम सामना जामठ्याला, २६ फेब्रुवारीला, विदर्भ आणि केरळ. आदल्या दिवशी वही फिरली. यावेळी डाव मोठा, चुकला त्याने पाच दिवसांचे पंचवीस चहा. शेठ, 'विदर्भ जिंकते.' भाऊ आणि पीटीचे सर, 'वरीलप्रमाणे.' गुरुजींनी बराच विचार करून लिहिलं, 'विदर्भ जिंकत नाही.' मी २०१७ च्या अनुभवाने शहाणा झालेला. मी लिहिलं, 'प्रकरण विचाराधीन.'

२६ ला महाशिवरात्र होती. शेठ गायमुखच्या यात्रेत, आम्ही टपरीवर साबुदाण्यावर. सकाळीच ३ बाद २४. यात्रेतून शेठचा फोन, मागे डफ वाजतोय, "काय झालं? काय झालं?" सांगायची सोय नव्हती, उपास मोडला असता. मग दानिश मालेवार आणि एका गड्याने २१५ धावांची भागी केली. मालेवार १५३. आणि तो दुसरा गडी, तुम्हाला नाव लक्षात ठेवायला सांगितलं होतं, करुण नायर. यावेळी आपल्याकडून. पहिल्या डावात ८६, दुसऱ्यात १३५. २०१७ मध्ये त्याला जे बोललो होतो ते सगळं आम्ही शब्दशः मागे घेतलं. शेठ म्हणाले, "मी तवाच सांगलो होतो, पोरगा चांगला हाय." त्यांनी तेव्हा काय सांगितलं होतं ते मला आठवतं, पण छापता येत नाही.

आपल्या ३७९. केरळ आघाडीकडे सरकत असताना कर्णधार सचिन बेबी, तोच स्लिपवाला, ९८ वर उंच मारायला गेला आणि झेल गेला करुण नायरच्या हातात. केरळ ३४२. आघाडी ३७. पुढे २ मार्चपर्यंत आपण खेळत राहिलो, ९ बाद ३७५ झाल्या, हस्तांदोलन झालं, करंडक आपला.

शेठने पेढे काढले. गुरुजींनी पेढा घेतला, खाल्ला, हात पुसले आणि वही मागितली. "सामना अनिर्णित. छापून आलं हाय. मी काय लिवलो? विदर्भ जिंकत नाही. जिंकला का? नाई जिंकला. पंचवीस चहा."

"कप कोनाच्या हातात हाय?" शेठ ओरडले.

"कप हातात असनं अना सामना जिंकनं, दोन येगळ्या गोष्टी होत. व्याकरन पाहा."

भांडण हातघाईवर आलं तेव्हा पीटीच्या सरांनी तटस्थ पंच म्हणून बॉस्टनला फोन लावला. तिकडे सकाळ होती. भाच्याने डोळे चोळत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मामा, बेसबॉलमध्ये अनिर्णित असं ठेवतच नाहीत, कोणीतरी जिंकेपर्यंत खेळतात. २०१८ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये एक सामना नऊच्या जागी अठरा डाव चालला होता, सात तासांच्या वर. गुरुजी म्हणाले, "सात तास? आमचा पाच दिवस चालला, तरी लागला नाई. तुले काय कडते?" आणि फोन ठेवला.

शेवटी भाऊनेच तोड काढली. वही सरळ केली, उधारीच्या बाजूला नवीन पान घेतलं, वर नाव टाकलं 'केरळ', पुढे लिहिलं '२५ चहा'. "येतीन तवा देतीन," म्हणाला.

परवा मी ते पान सहज पाहिलं. पंचवीसच्या पुढे कोणीतरी काळ्या शाईने एक शून्य वाढवलंय. गुरुजी माझ्याकडेच पाहत होते.