पदकोंडु

मी सलग चार वर्षं अकरा वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर वय रीतसर वाढत होतं, ओठावर लव आली होती, पायजमे दर सहा महिन्यांनी आखूड होत होते. पण मुधोळहून बासरला जाणाऱ्या आरटीसीच्या बसमध्ये माझं वय अकराला अडकलं होतं. बारा उलटले की पूर्ण तिकीट लागायचं, आणि आप्पांचा त्याला तत्त्वतः विरोध होता.

आमचे आप्पा एरवी खोटं बोलत नसत. सावकारापुढं नाही, देवापुढं नाही, एवढंच काय, मायपुढंही नाही. मात्र बसच्या पायरीवर पाय पडला की कानाशी यायचे, "इचारलं तं पदकोंडु म्हन. अन् जरा वाकून बस."

पदकोंडु म्हणजे तेलुगूत अकरा. तेराव्या वर्षी वाकून बसणं जमतं, पण आवाज ऐन वेळी फितूर होतो. कंडक्टरनं विचारलं, "नी वयसु एंत?" माझं 'पद' निघालं बासरीतून आणि 'कोंडु' थेट रेड्याच्या घशातून. कंडक्टरनं आधी माझ्या मिशीकडं पाहिलं, मग आप्पांकडं. आप्पा खिडकीबाहेरच्या कपाशीचा अंदाज घेत होते. "सरे, सरे," म्हणत त्यानं अर्धं तिकीट फाडलं. पुढच्या बाकावर आमच्या वर्गातल्या तीन मुली होत्या. त्या हसल्या की नाही हे मला आजही माहीत नाही, कारण मी बासर येईपर्यंत पायातल्या चपलेकडं बघत होतो. उजव्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता, ही माहिती तेव्हापासून पक्की आहे.

त्या वयात मला एकूणच आपण कोण हे नक्की करून हवं होतं आणि कुणी करून देत नव्हतं. धर्माबादला मामाकडं गेलो की मामेभाऊ ओरडायचा, "आला बे तेलंग्या!" इकडं तेलुगूच्या तासाला मी तोंड उघडलं की मागून कुणीतरी "मराठी पिल्लगाडु" म्हणायचं. घरी माझ्यासाठी 'गाढव' हा एकच शब्द होता, पण तो निदान दोन्ही बाजूंना मान्य होता.

आता वाटतं, गावाचंच जिथं ठरत नव्हतं तिथं माझं काय ठरणार? आजोबा निजामाच्या राज्यात, नांदेड जिल्ह्यात जन्मले. १ नोव्हेंबर १९५६ ला मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडलं नांदेडमधून काढून आदिलाबादला जोडली आणि आम्ही आंध्र प्रदेशात गेलो. २ जून २०१४ ला तेलंगण झालं. ११ ऑक्टोबर २०१६ ला निर्मल जिल्हा झाला आणि आम्ही त्यात. एवढ्या उलाढालीत आमच्या घराची भिंत एक वीतभरही हलली नाही. नाही म्हणायला मागची जरा शेजाऱ्याकडं कलली आहे, पण त्याचा राज्य पुनर्रचनेशी संबंध नाही.

१९९३ साली, पंधराव्या वर्षी, मी घर सोडलं. कारण तेच. "मी आता मोठा झालोय, पूर्ण तिकीट काढा," असं मी बसस्टँडवर चार लोकांत म्हणालो आणि चार लोकांतच आप्पांची थप्पड खाल्ली. दुसऱ्या दिवशी मायच्या डब्यातले पैसे घेऊन निघालो. बेत साधा होता: बासरला हैदराबादची गाडी धरायची, सिनेमात शिरायचं, आणि पहिल्या कमाईतून आप्पांना बसचा पास पाठवायचा. बसमध्ये ताठ बसलो आणि न विचारता पूर्ण तिकीट मागितलं. इतकं महाग सुख मी पुन्हा कधी घेतलं नाही.

गाडीला अवकाश होता म्हणून देवळाकडं गेलो. ज्ञानसरस्वतीपुढं बापांच्या मांडीवर बसून पोरं पाटीवर पहिलं अक्षर गिरवत होती, निम्मी रडत होती. मीही इथंच पाटी धरली होती. गोदावरीच्या घाटावर बसलो आणि लक्षात आलं की भूक लागलीय. मिरची भजी खाल्ली. मग आणखी एक प्लेट, कारण हैदराबाद लांब होतं. स्टेशनवर गाडी आली, गच्च भरलेली. दारातल्या लोकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं आम्ही उसाच्या ट्रॉलीकडं बघतो. मी तिला जाऊ दिलं. संध्याकाळी बसस्टँडवर पैसे मोजले तर पूर्ण तिकिटाला पुरत नव्हते.

कंडक्टर तोच, रेड्याच्या आवाजाचा साक्षीदार. त्यानं काही विचारायच्या आत मीच म्हणालो, "पदकोंडु." वाकून बसायची आठवणही मला कुणी करून दिली नाही. त्यानं अर्धं तिकीट हातात ठेवलं आणि डोक्यावर टपली मारली.

घरी कुणाला मी पळून गेल्याचं कळलंच नव्हतं. माय म्हणाली, "कुठं उलथला होतास? दळण राहिलंय."

परवा सगळे मिळून बासरला निघालो. धाकट्या साडूच्या पोराचा अक्षराभ्यास होता. डिसेंबर २०२३ पासून आमच्याकडं बायकांना बस फुकट आहे. माय आणि बायकोनं तेलंगणचं आधार दाखवलं आणि शून्याचं तिकीट घेतलं. मेव्हणी धर्माबादची, आधार महाराष्ट्राचं, तिला पूर्ण पैसे पडले. तिकडं एसटीत तिला अर्धं लागतं हे तिनं कंडक्टरला मराठीत, तपशिलानं सांगितलं. पण खरे चिडले होते ते आप्पा. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे हे त्यांना मेव्हणीकडूनच कळलं. आप्पा अठ्ठ्याहत्तरचे. १९५६ साली आपलं नुकसान झालं असं त्यांना सत्तर वर्षांत पहिल्यांदाच वाटलं.

मग कंडक्टर माझ्या मुलाकडं वळला. "बाबूकु एंत वयसु?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून खणखणीत उत्तर आलं, "पदकोंडु!"

मुलाचे कान लाल झाले. तो उठून उभा राहिला, छताला डोकं लागेल असा, आणि म्हणाला, "पदमूडु." तेरा. 'पद' बासरीतून, 'मूडु' रेड्याच्या घशातून.

मी पूर्ण तिकिटाचे पैसे काढले. जरा सावकाश काढले, हे खरं. कंडक्टर आप्पांचं ऐकतो की काय, एवढं बघण्यापुरते.