फिटिंग फ्री

बेलापूरचं रेल्वे स्टेशन बेलापुरात नाही, श्रीरामपुरात आहे. 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग झाला तेव्हा रूळ गावापासून दोनेक कोसांवरून गेले आणि स्टेशनला पाटी मात्र आमच्या गावाची लागली. त्या स्टेशनाभोवती पुढे आख्खं श्रीरामपूर वसलं, बाजारपेठ झाली, तालुका झाला, गाड्यांना एमएच 17 हा नंबर मिळाला. आमच्या वाट्याला काय आलं? ‘बेलापूरला उतरा आणि मग बेलापूरला या’ असं पाहुण्यांना फोनवर समजावण्याचं काम. बेलापूर कंपनीचा साखर कारखानाही बेलापुरात नव्हता, हरेगावात होता. तेव्हा एकाची वस्तू दुसरीकडेच बसवायची आणि वर ‘चालतंय की’ म्हणायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. त्यामुळे गावातल्या एका निवृत्त गुरुजींच्या नव्या गाडीत ब्रेक दाबला की टेप बंद पडतो आणि रिव्हर्स टाकला की डावा इंडिकेटर लागतो, हे ऐकून मला फारसं नवल वाटलं नाही.

गुरुजींनी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत फळा पुसला आणि निवृत्तीनंतर कंपनीचं सगळ्यांत साधं मॉडेल घेतलं. त्यात टेप नव्हता, सेंट्रल लॉक नव्हतं, मागचा कॅमेरा नव्हता. ‘वरचं मॉडेल कशाला घेता गुरुजी, बाहेरून बसवून घ्या, निम्म्यात होतं,’ हा सल्ला शोरूममधल्याच माणसाने आवाज खाली आणून दिला. हाच माणूस पुढे आवाज चढवून काय म्हणणार आहे, ते यथावकाश येईलच.

खरं तर ज्या जिल्ह्यात घरांना दारं नसलेलं शनिशिंगणापूर आहे आणि जिथे 2011 साली एका सरकारी बँकेने बिनकुलपाची शाखा काढली, त्या जिल्ह्यातल्या माणसाला सेंट्रल लॉक कशाला हवं? पण शनिदेवाचं संरक्षण गाडीला लागू आहे की नाही, याबद्दल गुरुजींच्या मुलाला शंका होती.

म्हणून सगळं बाहेरून बसवून घ्यायचं ठरलं. दुकानावर पाटी होती : सीट कव्हर, टेप, कॅमेरा, फॉग, हॉर्न, सेंट्रल लॉक. खाली लाल अक्षरात ‘फिटिंग फ्री’. अशा दुकानात भिंतीवर काय काय लटकलेलं असतं, ते एकदा सावकाश पाहावं. कायद्याने जे जे बसवायला मनाई आहे, त्याची इतकी नीटनेटकी यादी परिवहन कार्यालयातही मिळायची नाही. काळी फिल्म : सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या एप्रिलमध्ये बंद केली. पुढचा लोखंडी गार्ड : केंद्राने 2017 च्या डिसेंबरात राज्यांना कारवाई करायला सांगितलं, कारण धडक बसल्यावर कोणता मार कुठे झिरपवायचा याचं गाडीने केलेलं गणित तो गार्ड बिघडवतो. नाना सुरांचा हॉर्न : मोटार वाहन नियमांतच मनाई. आणि सीटबेल्टच्या खाचेत अडकवायची ती चिमुकली क्लिप, जिच्यामुळे पट्टा न लावताही गाडी गप्प बसते. सायरस मिस्त्रींचा 2022 च्या सप्टेंबरात पालघर जिल्ह्यात अपघाती मृत्यू झाला, मागच्या सीटवरच्या पट्ट्याबद्दल देशभर आठ दिवस हळहळ झाली. पुढच्या वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा काढायला लावल्या तेव्हा जाहिराती निघाल्या 13,118. जीव वाचवणारी गोष्ट बंद पाडण्यासाठी पदरचे पैसे मोजणारा ग्राहक दुसऱ्या कुठल्या धंद्याला मिळत असेल, मला माहीत नाही.

आमच्याकडे गळीत हंगामात याहून भव्य काम दिसतं. उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर आवाजाचे खोके असे बांधलेले असतात की ट्रॅक्टर दिसण्याआधी गाणं पोचतं. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर मात्र नसतो. अंधारात मागून येणाऱ्याने कानाने अंतर ओळखावं, अशी ती सोय.

असो. गुरुजींची गाडी दुकानासमोर उभी राहिली. फिटर विशीतला पोरगा, हात चलाख. त्याने गाडीचं डॅशबोर्ड ज्या वेगाने उघडलं, त्या वेगाने गुरुजींना डबा उघडता येत नाही. ‘टेन्शन नका घेऊ गुरुजी, घरचीच गाडी समजा.’ आणि त्याने खिशातून ब्लेड काढलं.

या ब्लेडबद्दल थोडं बोललं पाहिजे. कंपनीचं वायरिंग म्हणजे रंगीत वायरींचा जुडगा आणि टोकाला प्लास्टिकचे कपलर. टेप, कॅमेरा, लॉक यांना त्या त्या गाडीसाठी तयार कपलर मिळतात : लावायचं, टक् आवाज येतो, काम झालं. कुठेही कापाकापी नाही. पण कपलरला पैसे पडतात. आणि काउंटरवर ‘तीनशे कमी करा’ म्हणून आपण जी घासाघीस करतो, त्यात दुकानदार टेपमधून काही काढत नाही, लॉकमधून काढत नाही. तो कपलर काढतो. मग मूळ वायर ब्लेडने सोलायची, नवी वायर तिच्याभोवती पिळायची, वर काळी टेप गुंडाळायची. ती टेप उन्हाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने सुटते, पावसाळ्यात ओल धरते आणि दिवाळीपर्यंत सांधा उघडा पडतो. घासाघीस जिंकल्याच्या आनंदात घरी गेलेल्या ग्राहकाला आपण नेमकं काय जिंकलो, हे असं हप्त्याहप्त्याने कळतं.

गुरुजींच्या गाडीत टेपचा पॉझिटिव्ह स्टॉप लाइटच्या वायरीवरून काढला, कारण ती हाताला जवळ होती. कॅमेऱ्याची अर्थिंग इंडिकेटरच्या अर्थिंगला जोडली, कारण तिथे स्क्रू आधीच सैल होता. सेंट्रल लॉकची वायर दारात नेताना रबरी नळीतून न नेता दाराच्या पत्र्याला भोक पाडून नेली, त्यामुळे गाडी धुतली की डावं दार आतून पाणी पितं. सीटखाली पिवळ्या रंगाचा एक कपलर होता. पिवळा रंग हा बहुतेक गाड्यांत एअरबॅगचा, त्याला हात लावायचा नसतो. फिटरने तो ‘मध्ये येतोय’ म्हणून बाजूला काढून ठेवला. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला तेव्हा म्हणाला, ‘नवीन गाडीला असतोच तो.’

पण कळस झाला तो हेडलाइटमध्ये. राहुरीवरून नगरला जाणाऱ्या रस्त्यावर रात्री खड्डे दिसत नाहीत, ही गुरुजींची तक्रार. (दिवसा दिसून काय उपयोग होतो, हा प्रश्न मी विचारला नाही.) फिटरने 60 वॅटचे बल्ब काढून 100 वॅटचे घातले. आता 60 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर 10 अँपिअर खेचतात. 100 वॅटचे दोन खेचतात जवळपास 17. त्यासाठी बॅटरीवरून थेट जाड वायर आणि मध्ये रिले लागतो. तो नव्हता. गाडीत होता निळा फ्यूज, म्हणजे 15 चा. आठवड्याने तो उडाला. गुरुजी दुकानात गेले. फिटरने फ्यूज उजेडात धरून पाहिला आणि निदान केलं : ‘कंपनी हल्ली कमजोर फ्यूज टाकते.’ त्याने हिरवा टाकला, 30 चा. ‘आता उडायचा नाही.’

हे त्याचं वाक्य शंभर टक्के खरं ठरलं. फ्यूज उडाला नाही, वायरिंग जळालं. फ्यूजचा जन्मच मुळी वायरीआधी मरण्यासाठी झालेला असतो. त्याला अमर केल्यावर मरण्याची पाळी वायरीवर आली. जळका वास आला, बॉनेटमधून धूर निघाला, गुरुजींनी गाडी बाजूला घेतली. सेंट्रल लॉकने हाच मुहूर्त साधून चारही दारं लावून घेतली. सुदैवाने आतली कडी हाताने ओढली की उघडत होती. तेवढी एक वस्तू कंपनीने बसवलेली होती.

आता नुकसानभरपाईची यात्रा सुरू झाली. शोरूममधले तेच गृहस्थ आवाज चढवून म्हणाले, ‘बाहेरचं काम केलंय, वॉरंटी संपली.’ नव्या वायरिंगचं इस्टिमेट दिलं 22 हजारांचं. ‘तुम्हीच सांगितलं होतं,’ असं गुरुजींनी म्हटल्यावर ‘कागदावर दाखवा’ असं उत्तर आलं. विम्याच्या सर्वेअरने जळक्या वायरीचे फोटो काढले आणि विचारलं, ‘या इलेक्ट्रिकल वस्तू पॉलिसीत चढवल्या होत्या का?’ विम्याच्या जुन्या दरपत्रकात अशा वस्तूंच्या किमतीच्या 4 टक्के जादा हप्ता भरून नोंद करायची सोय होती. दहा हजारांच्या सामानाला चारशे रुपये. ही सोय गाडी घेताना कुणी सांगत नाही, क्लेम करताना मात्र सगळे सांगतात. शेवटी फिटर. तो दुखावला होता. ‘गुरुजी, उंदराने खाल्ली असेल वायर.’

आमच्या भागात उंदरांवर जितके गुन्हे दाखल आहेत, तितके कुणावरच नसतील. कापलेली वायर उंदराची, सुटलेली टेप उंदराची. ब्लेडने सोललेल्या वायरीवर सरळ रेष असते आणि दाताच्या खुणा नसतात, हे गुरुजींनी दाखवल्यावर फिटर म्हणाला, ‘मग मोठा उंदीर असेल.’

इथे पाटीवरचं ‘फ्री’ कामाला येतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फुकट दिलेली सेवा ही सेवाच धरत नाहीत. दुकानदाराने हे कलम वाचलं असेल असं नाही, पण त्याचा सुगंध त्याला बरोबर लागलेला होता : ‘फिटिंगचे पैसे घेतलेच नाहीत, मग जबाबदारी कसली?’ बिलही दिलं नव्हतं. बिल मागितलं की ‘जीएसटी लागेल बघा’ अशी प्रेमळ धमकी मिळते आणि बहुतेक लोक चार पैसे वाचवून सगळा पुरावा दुकानात सोडून येतात. गुरुजींच्या हातात होती एक चिठ्ठी, दुकानाचं नाव नसलेली, तिच्यावर ‘टेप + लॉक + कॅम + बल’. त्या ‘बल’ला गुरुजींनी तेव्हाच लाल शाईने ‘ब’ जोडला होता.

पण गुरुजी ग्राहक पंचायतीच्या काळातले. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ती उभी केली, तेव्हापासून पावती म्हटलं की यांच्या अंगात येतं. त्यांनी कायदा आणला आणि धड्यासारखा वाचला. त्याच कायद्याचं 86 वं कलम निघालं : विक्रेत्याने वस्तू जोडताना वाजवी काळजी घेतली नाही, तर होणाऱ्या हानीला तो जबाबदार. फिटिंग फ्री असो, सवलतीत असो, की नारळ फोडून असो. पैसे फोनवरून दिले होते, त्यामुळे तारीख, वेळ, रक्कम आणि दुकानाचं नाव बँकेच्या खात्यात उमटलेलं. जळकी वायर त्यांनी कुणाला काढू दिली नव्हती. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग दुसऱ्या सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर कारण लिहून घेतलं : ‘क्षमतेपेक्षा जास्त वॅटचे बल्ब, रिले नाही, चुकीचा फ्यूज.’ 1915 या हेल्पलाइनला फोन केला. आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस : पंधरा दिवसांत 22 हजार द्या, नाहीतर नगरच्या जिल्हा आयोगात भेटू. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. गुरुजींकडे वेळच वेळ होता. दुकानदाराने निवृत्त मास्तराच्या वायरीला ब्लेड लावण्यापूर्वी एवढा विचार करायला हवा होता.

नोटिशीला लेखी उत्तर आलं. त्यात ‘सदर गाडी आमच्याकडे कधीही आलेली नाही’ असं पहिल्या परिच्छेदात होतं आणि ‘गाडी आली तेव्हाच वायरिंग खराब होतं’ असं दुसऱ्यात. गुरुजींनी दोन्ही वाक्यं अधोरेखित करून शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या, दहापैकी साडेतीन गुण दिले आणि प्रत परत पाठवली. समासात शेरा : ‘विसंगत. पुन्हा लिहा.’

मग रात्री साडेनऊला दुकानदाराचा फोन. ‘गुरुजी, पोस्टात कशाला जाता, आपली घरचीच गाडी ना?’

‘घरची समजलास म्हणूनच तर ब्लेड चालवलंस,’ गुरुजी म्हणाले. ‘पैसे केव्हा देतोस?’

बरीच ओढाताण झाली. 22 चे 18 वर आले. नवे बल्ब, नवा हॉर्न आणि मान हलवणारं कुत्रं या तिन्ही भेटी गुरुजींनी नाकारल्या. अखेर एका सकाळी फोन वाजला, 18 हजार जमा झाले. शेऱ्याच्या जागी दुकानदाराने लिहिलं होतं, ‘उसने परत.’ पैसे गेले तरी चालतील, कबुलीचा कागद मागे राहता कामा नये, ही त्याच्या धंद्याची शिस्त.

गुरुजींनी त्याच दिवशी वहीचं पान फाडलं. ‘सदोष फिटिंगमुळे वायरिंगच्या झालेल्या नुकसानीपोटी रुपये 18,000 मिळाले’ अशी पावती लिहिली, रक्कम पाच हजारांवर म्हणून एक रुपयाचं महसूल तिकीट चिकटवलं, तिकिटावर आडवी सही ठोकली आणि दुकानात नेऊन दिली. दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, ‘यावर जीएसटी लागतो का?’