‘त्यात काय हाय, मी करून देतो’ म्हणणाऱ्या मित्रास खुले पत्र

प्रिय मित्रा,



लेहच्या वाटेसाठी बाइकच्या विजेवर तापणारं जॅकेट घेतलं, तेव्हा त्याचा कंट्रोलरही मी विकतच घेणार होतो. पण तू आडवा आलास. "हजारो रुपयं कशाला घालतोस भावा? आत हाय काय? एक मोसफेट, एक 555 टायमर, एक पोटेन्शिओमीटर. शे-दोनशेत बसवतो, नाद करायचा न्हाय!" वर दाखला थेट बाबूराव पेंटरांचा. कोल्हापूरनं देशी सिनेमा-कॅमेरा बनवला, तिथं एका डबीची काय कथा!

हिशेब तुझा चोख होता. जॅकेट 75 वॅटचं, म्हणजे 12 व्होल्टला साधारण 6 अँपियर. मोसफेटच्या स्विचनं करंट भराभर चालू-बंद करायचा आणि बटण फिरवून चालूचा वेळ कमी-जास्त करायचा. याला फार डोकं लागत नाही. बहुधा म्हणूनच तू ते वापरलं नाहीस.

घरात पडून होता म्हणून 555 ऐवजी आर्डुइनो लावलास आणि त्याचे 5 व्होल्ट सरळ आयआरएफझेड44एन या मोसफेटच्या गेटला जोडलेस. त्या बिचाऱ्याला पुरतं उघडायला 10 व्होल्ट लागतात. ते मिळाले असते तर त्यात जेमतेम पाऊण वॅट उष्णता झाली असती. तो अर्धवट उघडला आणि जॅकेटच्या आधी डबी तापली. डबी मात्र झकास हं! उद्यमनगरात लेथवर तासलेली, पॉलिश मारलेली आणि झाकणाला रबरी पॅकिंग नसलेली. मनालीचा पाऊस तिनं मनापासून आत घेतला.

टांगलांग ला खिंडीच्या चढावर मोसफेट मेला. हा प्राणी मरताना बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. वीज तुटत नाही, कायमची चालू राहते. बटण शून्यावर, जॅकेट पूर्ण जोरात. फ्यूजही उडाला नाही. उडेल कशाला? 6 अँपियर हा तर जॅकेटचा रोजचा खुराक. प्लग उपटावा म्हटलं, तर "प्लग ढिला पडतोय" म्हणून तू वायरी थेट सोल्डर केलेल्या. पाच हजार मीटरच्या वर घामाघूम झालेला पहिला कोल्हापूरकर म्हणून माझा सत्कार व्हायला हरकत नाही.

राहता राहिले बाबूराव. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव त्या कॅमेऱ्यामागे वर्षानुवर्षं लागले होते. आनंदराव 1916 मध्ये गेले, कॅमेरा 1918 मध्ये पुरा झाला, ‘सैरंध्री’ सिनेमा 1920 मध्ये आला. तू दिलास एक रविवार, तोही रंकाळ्यावरच्या भेळेतून उरलेला.

विकतचा कंट्रोलर एपॉक्सीत गाडलेला असतो, बिघडला की फेकायचा, ही तुझी तक्रार मान्य. पण सर्किटला कोण पैसे मोजतंय? पाऊस, हादरे आणि मरण यांची परीक्षा कुणीतरी आधी घेतलेली असते, तिचे ते पैसे.

पुढचा बनवशील तेव्हा गेटला ड्रायव्हर, झाकणाला पॅकिंग, हाताशी येणारा प्लग आणि मोसफेट मेला तरी वीज तोडणारा थर्मल कटऑफ घाल. मग तो आधी स्वतःच्या अंगावर चढवून भर पावसात गगनबावड्याला जाऊन ये. तोवर मी विकतचा घेतोय. बिल तुला व्हॉट्सअॅपवर टाकलंय.

तुझा,
भाजून निघालेला मित्र