मलिक अंबर, बुद्धी उणे दोन

फँटसी गेममध्ये शिरताना आधी वंश निवडायचा, की जन्माची गुणपत्रिका तयार: एल्फ चपळ, ऑर्क दांडगा आणि बिनडोक. या खेळांचे मूळ पीठ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तिथे २०१६ साली ऑर्कच्या बुद्धीतून दोन गुण कापले गेले आणि २०२० मध्ये शुद्धिपत्र काढून ते परत दिले. शुद्धिपत्र, जणू छापखान्याचीच चूक! याच हिशेबाने मलिक अंबरचा तक्ता भरा. वंश हबशी, ताकद अधिक दोन, बुद्धी उणे दोन. मग गुलाम म्हणून विकला जात दख्खनेत आलेल्या या माणसाने निजामशाहीचा कारभार हाकणे, १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणे, जमिनीखालून नहर खेळवून शहराला पाणी पाजणे आणि १६२४ मध्ये भातवडीला तलाव फोडून मोगल-आदिलशाही फौज चिखलात रुतवणे, हे सगळे नियमबाह्यच म्हणायचे.

वंशाने काहीच बदलणार नसेल तर ऑर्क म्हणजे हिरवा रंग फासलेला माणूस, हा आक्षेप रास्त आहे. अंधारात दिसणारे डोळे द्या, शेपूट द्या, कोण हरकत घेतो? पण अंबरच्या वंशाचा परिणाम त्याच्या मेंदूवर नव्हता, समोरच्याच्या नजरेवर होता. ‘बाल्डर्स गेट ३’ या खेळाने ते बरे ओळखले: वाढीव गुण हवे तिथे लावा, लोक मात्र वंश बघूनच बोलतील. मोगल बादशहा जहांगीरने तर अंबरचे भाल्यावर टोचलेले मुंडके आपण बाणाने टिपतो आहोत असे चित्रच काढून घेतले. रणात तो कधी हाती लागला नाही. तेव्हा उणे दोन मांडायचेच असतील, तर बादशहाच्या खात्यावर मांडा.