असू दे, लागेल

नगरहून परदेशी निघालेल्या माणसाची बॅग सगळं घर मिळून भरतं. त्यातून त्याला फोटोचा, तोही रोलवरच्या फोटोचा नाद असला, की घरात दोन पक्ष पडतात : एक शेंगदाण्याच्या चटणीचा, दुसरा लेन्सचा. घोषणा मात्र दोघांची एकच, ‘असू दे, लागेल.’ माझं म्हणणं एवढंच, की वजनकाट्यावर नगरकर हरतो तो या तीन शब्दांपायी. बऱ्याच विमान कंपन्या हातातल्या बॅगेला ७ किलो देतात. जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातच ठेवा, हा नियम. रोलही हातातच हवेत, कारण चेक-इनच्या सामानावरचा एक्स-रे इतका जोरकस असतो की फिल्म धुरकटते. उरलेल्या जागेत ७०-२०० ची लेन्स घुसवली, तर ती एकटीच दीड किलो खाते. तिच्यामागून दुसरा फ्लॅश येतो, कॅमेऱ्याची तिसरी बॉडी येते आणि मग बिचाऱ्या चटणीवर आळ येतो.

‘रोल शिशाच्या पिशवीत घातले की काम झालं,’ असं जाणकार सांगतात. पडद्यावर ती पिशवी काळाकुट्ट ठिपका दिसते आणि काळा ठिपका पाहून सुरक्षारक्षक ‘असू दे’ म्हणत नाही. पूर्वीच्या यंत्रांतून ८०० आयएसओच्या खालचा रोल एक-दोनदा निभावून जायचा. आता विमानतळांवर येणारी यंत्रं दवाखान्यातल्या सीटी स्कॅनची भावंडं आहेत आणि त्यांतून कुठलाच न धुतलेला रोल नेऊ नका, असं खुद्द कोडॅक बजावतं. तेव्हा रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवावेत आणि हाताने तपासण्याची नम्र विनंती करावी. समोरच्या तरुण जवानाने जन्मात रोल पाहिलेला नसतो. त्याला ते काडतूस वाटलं तर दोष त्याचा नाही. दहा रोल असले तर तो ऐकतो. चाळीस असले तर मागची रांग आपल्याला ऐकवते.

‘पण पुन्हा कुठे जाणं होतंय?’ हा आक्षेप खरा आहे, आणि भावनिकही. पण दहा रोल म्हणजे ३६० फोटो. परतल्यावर ते बघायला बसवल्या जाणाऱ्या पाहुण्यांचाही काही विचार करावा. शिवाय रोल परदेशात, लंडनला वगैरे, मिळतोच. तो सहजी मिळत नाही आपल्याकडेच. लंडनहून सामान आणायची रीत तशी जुनीच : शेजारच्या नाशिक जिल्ह्यातले चित्रपटकार दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, ते विल्यमसन कॅमेरा आणायला. १९१४ साली पुन्हा गेले तेव्हा त्यांच्या सामानात स्वतःचे चित्रपट होते. ती नायट्रेटची फिल्म, ठिणगी पडली की भडकणारी. आजच्या रांगेत त्यांना कुणी उभंही केलं नसतं. पण त्यांनी नेली ती धुऊन तयार झालेली फिल्म, आणि मुद्दा तिथेच आहे.

तेव्हा एक बॉडी, दोन लेन्स आणि दहा रोल घ्या; ट्रायपॉड आणि चटणी चेक-इनमध्ये जाऊ द्या. परतण्याआधी रोल तिकडेच धुवायला टाका. धुतलेल्या निगेटिव्हला एक्स-रे काही करत नाही.